कार्डावरचे कोरे रकाने: कोरोनाच्या काळात तुमच्या मुलांच्या लसी राहिल्या का?

मेघ_मानेवाडा | ९ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४०

शाळेनं लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स मागितली म्हणून आज कपाट उपसलं. माझा मुलगा जानेवारी २०२० चा. कार्डाचं पहिलं पान कसं नीट भरलेलं आहे: बीसीजी, झिरो पोलिओ, कावीळ ब, सगळं डिलिव्हरी झाली तिथंच दिलेलं. दीड महिन्याचं पेंटा (डीपीटी धरून पाच आजारांची एकत्र लस) ४ मार्चला. पुढचं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवं होतं, ते मिळालं ३० जूनला. त्याच्या पुढचं ऑगस्टमध्ये. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला नोव्हेंबरमध्ये.

इथवर मला आठवतंय. धक्का पुढच्या पानाला बसला. सोळा ते चोवीस महिन्यांच्या रकान्यात एकही तारीख नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर, तिन्ही कोरे. म्हणजे हे २०२१ च्या मे महिन्यापासून पुढे व्हायला हवं होतं. त्या एप्रिलमध्ये माझे सासरे गेले. घरात आम्ही चौघं पॉझिटिव्ह होतो. नंतर कुणी फोन केला नाही आणि मलाही आठवलं नाही. साडेतीन वर्षं आठवलं नाही!

मुलगा जानेवारीत पाच पूर्ण होईल. आता उशीर झालाय का? सगळं पहिल्यापासून द्यावं लागतं का? आणि असं फक्त माझ्याकडूनच झालंय, की आणखी कुणाच्या कार्डाला अशी भोकं आहेत?

---

तर्रीपोहे | रात्री १०.५२

बाप्पा, तुमचं कार्ड तरी सापडलं ताई. आमच्या घरी तं उंदरानं कार्डाचा भुगा करून ठेवला. पोट्ट्याचं काय झालं, काय राहिलं, ते उंदरालेच ठाऊक.

---

वाचनमात्र_७ | रात्री ११.०५

वाचतेय. आमचाही २०२० चाच आहे. आत्ताच्या आत्ता कपाट उघडते.

---

बालवैद्य | रात्री ११.३१

मेघाताई, घाबरू नका, पण पुढेही ढकलू नका.

पहिल्यापासून काहीच द्यावं लागत नाही. डोसांमध्ये ठरावीक अंतर कमीत कमी असावं लागतं, जास्त झालं म्हणून आधीचा डोस वाया जात नाही. जिथं थांबलं तिथून पुढे. सरकारी कार्यक्रमात राहिलेली गोवर-रुबेला पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत देतात, पोलिओचा बूस्टरही तसाच. डीपीटी सात वर्षांपर्यंत चालते. तुमच्याकडे दोन महिने आहेत, दोन आठवड्यांत उरकून टाका. पाच उलटल्यावर दार बंद होतं असं नाही, खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) मिळते, पण फुकट मिळणारी गोष्ट हातची का घालवायची? कार्ड घेऊनच जा. मी इथं लिहिलंय ते कार्ड न बघता लिहिलंय.

आणि तुमच्या एकटीकडून झालेलं नाही. २०२१ आणि २२ मध्ये माझ्या क्लिनिकमध्ये अशी कार्डं रोज यायची. पहिल्या वर्षाचे डोस लोक उशिरा का होईना पूर्ण करत होते. दीड वर्षाचे मात्र गळत होते. लहान बाळासाठी आई बाहेर पडायची, चालत्या-धावत्या पोराला सुईसाठी कोण दवाखान्यात नेणार?

---

झिरोमाईल | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

थोडे आकडे देतो, कारण असे धागे 'आमच्याकडे असं झालं' वरच संपतात.

डीपीटीचे तीन डोस पूर्ण झालेल्या मुलांचं जगभरातलं प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये ते ८१ वर आलं. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. त्या एका वर्षात एक तरी डोस चुकलेली मुलं अडीच कोटी होती, आणि त्यातल्या सुमारे १.८ कोटींना पहिलाही डोस मिळाला नव्हता. यांना 'झिरो डोस' मुलं म्हणतात. भारतातही २०२० मध्ये ही संख्या आदल्या वर्षाच्या साधारण दुप्पट झाली होती.

पण एक लक्षात घ्या. लसीकरण 'बंद' करा असं कुणीही सांगितलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्ये मोठ्या मोहिमा तात्पुरत्या थांबवायला सांगितल्या, नियमित लसीकरण चालू ठेवायला सांगितलं. आपल्या केंद्र सरकारनंही एप्रिल-मे मध्ये सूचना काढल्या: जन्मवेळच्या लसी कुठेही थांबवायच्या नाहीत, प्रतिबंधित क्षेत्राबाहेर सत्रं घ्यायची. तेव्हा सेवा बंद होती म्हणणं बरोबर नाही. लोकच गेले नाहीत.

---

तर्रीपोहे | सकाळी ८.४०

झिरो डोस मंजे कोणता बे? माह्या पोट्ट्याले तं झिरो पोलिओ देल्ला होता. मंग तो झिरो डोसवाला झाला का?

---

बालवैद्य | सकाळी ९.०२

:) नाही भाऊ. 'झिरो पोलिओ' म्हणजे जन्मल्याबरोबर दिलेले थेंब, ते मिळाले तर चांगलंच. 'झिरो डोस' मूल म्हणजे ज्याला दीड महिन्याचा पहिला डोससुद्धा मिळालेला नाही ते. आणखी गोंधळ हवा असेल तर: गोवराची साथ असलेल्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना गोवर-रुबेलाचा जो आगाऊ डोस दिला गेला, त्यालाही झिरो डोसच म्हणतात.

---

तर्रीपोहे | सकाळी ९.०६

तीन झिरो, आन् चौथे आमचे झिरोमाईल भाऊ. इथून समदीकडचं अंतर मोजते, फक्त गल्लीतलं सोडून.

---

सुईदोरा | सकाळी ११.४८

झिरोमाईल, तुमचे कागद खरे असतील. मी मोमिनपुऱ्यात राहते. ११ मार्चला नागपुरात पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये आधी सतरंजीपुरा, मग आमचा भाग सील झाला. गल्लीच्या तोंडाला बल्ल्या आणि पत्रे. आमची धाकटी तेव्हा तीन महिन्यांची. 'लोक गेले नाहीत' हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. जायचं कुठून?

तुम्हीच सांगितलेली सूचना आमच्यासाठी उलटी वाचा. प्रतिबंधित क्षेत्रात वस्तीतली सत्रं नाहीत, आणि क्षेत्र उठल्यावरही किमान १४ दिवस थांबायचं. आमच्याकडे क्षेत्र उठेपर्यंत शेजारच्या गल्लीत नवा रुग्ण निघायचा.

दुसरी गोष्ट कागदावर नाही. त्या दिवसांत आरोग्याचं माणूस दारात आलं की दोनच अर्थ असायचे, एक तर नाव लिहून नेणार, नाही तर माणूस उचलून क्वारंटाइनला नेणार. शेकडो लोक नेले होते आमच्या आणि सतरंजीपुऱ्याच्या भागातून. त्याच सिस्टर ऑगस्टमध्ये लसीची पेटी घेऊन आल्या तेव्हा माझ्या सासूनं दार लोटून घेतलं. 'बच्ची सो रही है' म्हणाली. बच्ची ओट्यावर बसून बिस्कीट खात होती.

सिस्टर पुन्हा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. तेव्हा टोचली. त्या तीन वेळा आल्या नसत्या तर आमचंही कार्ड कोरंच असतं.

---

झिरोमाईल | दुपारी १२.२०

मान्य. 'लोकच गेले नाहीत' हे मागे घेतो. शहराचा सरासरी आकडा बघताना सील झालेली गल्ली दिसत नाही, हे खरंय.

---

खरंकाय | दुपारी १.१०

एवढा बाऊ कशाला? कोट्यवधी मुलं राहिली म्हणता, मग २०२०-२१ मध्ये गोवराच्या साथी का आल्या नाहीत? उलट रुग्ण कमी झाले होते. आमच्या मोठ्याची दीड वर्षाची लस तेव्हा राहिली, आजपर्यंत ठणठणीत आहे. कोविडची लस घ्या घ्या करून डोकं खाल्लं, आता ही.

---

बालवैद्य | दुपारी २.३४

रुग्ण कमी झाले हे खरं आहे. शाळा, अंगणवाड्या, लग्नं, बाजार सगळं बंद, तोंडाला मास्क. जो आजार एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकतो, त्याला माणसंच भेटली नाहीत. पण तेवढ्यात लस न मिळालेली मुलं वाढतच होती.

वऱ्हाडातल्या माणसाला समजावायचं तर बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग रचला जात होता आणि ठिणगी घरात कोंडलेली होती. दारं उघडल्यावर काय झालं ते २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत दिसलंच. गोवंडी, मग भिवंडी, मालेगाव. लहान मुलं दगावली. तेव्हा साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा जादा डोस द्यावा लागला.

यात नवीन काही नाही. काँगोमध्ये २०१९ मध्ये सगळ्या जगाचं लक्ष एबोलाकडे होतं. एबोलानं दोन हजार दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याच देशात त्याच सुमारास गोवरानं सहा हजारांहून जास्त गेली, बहुतेक लहान मुलं.

तुमचा मुलगा ठणठणीत आहे याचा आनंदच आहे. पण त्याचं श्रेय आजूबाजूच्या टोचून घेतलेल्या मुलांना द्या.

---

मध्यरेल्वे | दुपारी ३.०५

मुंबईतून. गोवंडीत त्या वेळी कामासाठी जात होतो. पुरळ आलेल्या पोराला 'माता आली' म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं पाहिलंय, २०२२ साली. बाकी डॉक्टरांनी लिहिलंच आहे.

---

बर्फाचीपेटी | सायंकाळी ७.२०

मी एएनएम आहे, लसी टोचणारी सरकारी नर्स. जिल्ह्यात उपकेंद्रावर होते, आता शहरात आहे. आजवर फक्त वाचत होते, या धाग्यावर राहवलं नाही.

तुम्हा सगळ्यांना लस म्हणजे सुई दिसते. आम्हाला यादी दिसते. आशा घरोघर फिरून या महिन्यात कोणाचं काय देणं आहे याची ड्यू लिस्ट करते. त्या यादीवर सत्र लागतं, यादीवरूनच लस काढली जाते, आणि जो आला नाही त्याच्या घरी यादी हातात धरूनच जायचं असतं. लॉकडाऊनमध्ये पेटी थांबली ती काही आठवडेच. ही यादी मात्र मोडली. आशांना कोरोनाचा सर्व्हे, ताप-ऑक्सिजन बघणं, बाहेरून आलेल्यांची नावं, आणि सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आम्ही उपकेंद्रावर दोघी, त्यातली एक कोविड सेंटरला लावलेली. जी बाई माहेरी बाळंतपणाला आली आणि तिथंच अडकली, तिचं मूल माहेरच्या यादीत नाही आणि सासरच्याही नाही. वीटभट्टीवरची छत्तीसगडची कुटुंबं मे महिन्यात पायी निघून गेली, त्यांची पोरं तर कोणाच्याच यादीत नाहीत.

मग १६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस. त्याच आम्ही, तेच शीतकरणाचे फ्रिज, तेच वार. १७ तारखेचा पल्स पोलिओ त्यासाठी ३१ ला ढकलला. मेघाताई, तुमच्या मुलाचे डोस बरोबर त्या काळातले आहेत जेव्हा केंद्रावर मोठ्यांची रांग पहाटे पाचपासून लागायची. त्या गर्दीत सव्वा वर्षाचं पोरगं घेऊन कोण येणार होतं, आणि मी तरी त्याला ये म्हटलं असतं का?

एक मात्र अभिमानानं सांगते. मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पीपीई घातलेला, खांद्यावर पेटी, आत चार आइसपॅक, आणि लस दोन ते आठ डिग्रीत राहिली पाहिजे. मी वितळले असेन, लस नाही वितळू दिली.

---

तर्रीपोहे | सायंकाळी ७.३१

सिस्टर, तुमच्यासाठी एक प्लेट तर्रीपोहा माह्याकडून. चना जास्त. मस्करी नाही करून राहिलो.

---

आशाची_लेक | रात्री ८.१०

माझी आई आशा आहे, हिंगण्याकडे. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पूर्ण करून घेतल्या की तिला शंभर रुपये मिळतात. कोविडच्या कामाचे महिन्याला हजार वेगळे होते, केंद्राचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या आशांचा सन्मान केला तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, 'सन्मान झाला, आता सायकलच्या टायरचं बघा.'

ती अजूनही २०२० च्या पोरांना 'कोरोनाची पोट्टी' म्हणते आणि त्यांची वही वेगळी ठेवते. बर्फाचीपेटी सिस्टर, ती यादी मोडली हे खरंय, पण काहींनी ती हातानं पुन्हा शिवलीय.

---

वाचनमात्र_७ | रात्री ८.५५

कपाट उघडलं. आमचंही गोवर-रुबेला दोन कोरं.

पण एक शंका. मागच्या वर्षी एका केंद्रावर गेले होते तर म्हणाले, 'बाटली फोडायला पुरेशी मुलं नाहीत, पुढच्या आठवड्यात या.' मग राहूनच गेलं. हा काय प्रकार?

---

बर्फाचीपेटी | रात्री ९.१२

एका बाटलीत अनेक मुलांचे डोस असतात. पेंटा, पोलिओसारख्या काही लसींची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवसांपर्यंत चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेला ही पावडर असते, पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून काही जणींचा हात बाटली फोडताना अडखळतो, वाया गेल्याचा हिशेब द्यावा लागेल म्हणून.

पण नियम असा आहे की एक मूल आलं तरी बाटली फोडायची. तुम्हाला परत पाठवायला नको होतं. सत्राच्या वारी सकाळी जा, आणि नम्रपणे तिथंच बसून राहा.

---

मास्तर_कामठी | रात्री १०.००

सगळे लहान मुलांचंच बोलताहेत. मी हायस्कूलला शिकवतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, धनुर्वात आणि घटसर्पाची. ती बरीचशी शाळेतच दिली जायची. शाळा दोन वर्षं बंद. त्या बॅचची पोरं आता आमच्याकडे नववी-दहावीत आहेत. 'दहाव्या वर्षाचं इंजेक्शन घेतलं का' असं वर्गात विचारलं तर साठातल्या नऊ जणांनी हात वर केले, आणि त्यातले दोघं कुत्रा चावला तेव्हाचं सांगत होते.

---

महालचा_म्हातारा | रात्री १०.४०

आमच्या वेळी देवी काढायला माणूस यायचा तेव्हा आम्ही माळ्यावर लपायचो. माझ्या दंडावर अजून रुपयाएवढा वण आहे. आईनं कान धरून खाली आणलं म्हणून देवीचा वण तोंडावर नाही, दंडावर आहे. कार्ड-बिर्ड काही नव्हतं. दंड हेच कार्ड.

---

खरंकाय | रात्री ११.१५

आजोबांचा प्रतिसाद आवडला. बाकी यंत्रणेवर माझा विश्वास नाही तो नाहीच. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा पोरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं, ते विसरले का सगळे?

---

बर्फाचीपेटी | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

विसरले नाही. त्या ३१ जानेवारीच्या पोलिओलाच झालं ते. त्यानंतर कित्येक महिने प्रत्येक बाटली मी आईच्या डोळ्यासमोर धरायचे, 'वाचा, काय लिहिलंय' म्हणायचे. बाटलीवरचा चौकोनही दाखवायचे, तो आजूबाजूच्या गोलापेक्षा फिका असला पाहिजे, गडद झाला की लस उष्णतेनं गेली. तुम्हीही मागा बघायला. विश्वास ठेवू नका, बघून घ्या. पण या.

---

खरंकाय | सकाळी ९.२५

चौकोनाचं माहीत नव्हतं.

---

झिरोमाईल | सकाळी १०.३०

अवांतर होतंय, पण या निमित्तानं एक. महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण ७३ टक्क्यांच्या आसपास असल्याचा पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा बरेच जण कोरोनाचा परिणाम म्हणून फिरवतात. आपल्या राज्यातलं ते सर्वेक्षण २०१९ च्या उत्तरार्धात झालं, म्हणजे साथीच्या आधी. चारातलं एक मूल आधीच कुठेतरी राहत होतं. पत्रे नंतर लागले.

---

सुईदोरा | सकाळी १०.४४

आता कसं बोललात.

---

मेघ_मानेवाडा | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६.०५

धागा वर काढते. आज झालं!

जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टरनी कार्ड पाहिलं, तारखा बोटावर मोजल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'कोरोनाचं बाळ का? या.' ओरडल्या नाहीत. मी घरून भांडणाची तयारी करून गेले होते, सगळी वाया. गोवर-रुबेला, डीपीटी आणि पोलिओचे थेंब तिन्ही एकाच दिवशी. चौकोन बघायला मागितला तर त्यांनी चकित होऊन विचारलं, तुम्ही नर्सिंगमध्ये आहात का? डीपीटीच्या पुढच्या डोसाची तारीख पेन्सिलीनं लिहून दिली. मुलगा तिथं रडला नाही, घरी येऊन आजीला बघून रडला.

दुसरी एक गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सहज विचारलं. त्यांची मुलगी एप्रिल २०२० ची, त्या लॉकडाऊनमध्ये बालाघाटकडे गावी अडकल्या होत्या, घरीच बाळंतपण. कार्डच नाही. 'आता कार्ड नाही म्हणून कोण देणार' असं म्हणून त्या कधी गेल्याच नाहीत. म्हणजे झिरोमाईल ज्या मुलांबद्दल सांगत होते त्यातली एक रोज सकाळी माझ्या ओसरीत खेळते. पुढच्या सत्राला त्यांना घेऊन जायचंय. कार्डाशिवाय देतात का?

---

बर्फाचीपेटी | सायंकाळी ७.४०

देतात. कार्ड नवीन करून देतात. काय दिलंय ते आठवत नसेल तर काहीच दिलं नाही असं धरून वयाप्रमाणे सुरू करतात. बीसीजीचं वय गेलं, पण गोवर-रुबेला आणि डीपीटी बसते. पाच पूर्ण व्हायला एप्रिलपर्यंत वेळ आहे, तरी थांबू नका, एकापेक्षा जास्त फेऱ्या होतील. आईचं आधार कार्ड असलं तर न्या, नसलं तरी न्या.

कोणत्या वारी जाताय ते कळवा. आणि कोणी परत पाठवलं तर इथंच लिहा, मी सुट्टीवर असले तरी बघते.

---

तर्रीपोहे | सायंकाळी ७.५८

मी पण येतो. उंदरानं खाल्लेलं कार्ड नवीन करून देते म्हणता ना? पुरावा म्हणून उंदीर आणू का?